माझ्या नावानं ‘जेवलात का?’

मंगळवार, सातारा

इस्लामपूरचे तात्या सैन्यातून निवृत्त झालेले. अपघातात पाय गेल्यापासून माझ्याकडे फोनवर समुपदेशन घेतात. आज म्हणाले, “ताई, तुमी रोज सांजच्याला ‘जेवलात का’ म्हणून मेसेज करता, लय बरं वाटतं. घरात कोण इचारत न्हाई.”

मी कधी केला? आमच्या समुपदेशन संस्थेच्या ॲपमधून आपोआप जातो तो, वर माझा फोटो लावून. कसली मेली सोय! गप्प बसावं का? त्यांना तेवढाच आधार... नाही राहवलं. सांगून टाकलं.

तात्या हळूच म्हणाले, “बरं. तुमी तरी जेवला का?”

किती दिवसांनी मला कुणी विचारलं! आणि आत्ताच खरं बोललेली मी म्हणाले, “हो, जेवले की.”

गॅस अजून पेटवलेला नाही.