हातेमचं वाढतं वय

अलेक्झांड्रिया, ६ मे

प्रिय आई,

तुझा गुडघा आता बरा असेल. मावशीला सलाम सांग. इथे झालं ते क्रमाने लिहिते.

१. तुझा निरोप मी बाबांना वाचून दाखवला : वरचे रंग काढ, माझा एकोणीस वर्षांचा मुलगा मला परत दे.
२. बाबांनी हातेमचं चित्र स्वतः भिंतीवरून उतरवलं आणि मी जुनी चित्रं साफ करते त्या टेबलावर ठेवलं.
३. मी कानाजवळ नखाएवढी जागा साफ करून पाहिली. रंग निघतो.
४. तिथेच थांबले.

हातेम समुद्रात गेला त्या वर्षीचा चेहरा खाली शाबूत आहे. दर वाढदिवसाला बाबा त्यावर एक वर्ष चढवायचे. तू म्हणायचीस, "मेलेल्याला म्हातारं कोण करतं?" फोटोला तू काळी फीत लावलीस, चित्राला त्यांनी लावू दिली नाही, आणि तू तंटा शहरात मावशीकडे निघून गेलीस.

नवा रंग लावण्याआधी ते दर वेळी जुन्यावर व्हार्निशचा हात द्यायचे. म्हणून प्रत्येक वर्ष वेगळं सुटतं. मला वाटलं, सवय असेल. विचारलं, तर म्हणाले, "तुझी आई कधीतरी मागेल म्हणून."

"मग तिला सांगितलं का नाही?"

"तिनं विचारलं का? ती भांडत होती. मीही काही कमी नव्हतो." मग म्हणाले, "काढ. तिचाही तो आहे. आणि चहा टाक. साखर घाल, औषध देतेस तशी चिमूटभर नको."

काढलेला रंग परत लावता येत नाही. तो कापसाच्या बोळ्यावर येतो आणि बोळा फेकून द्यायचा असतो. हे तुला आधी कळलेलं बरं.

आणखी एक. जो मुलगा तिशी बघणारच नव्हता, त्याच्या कपाळावर रेघ कुठे उमटेल हे बाबांना कसं कळायचं, असं तू कधी विचारलं नाहीस. आम्ही जुळे. दर वाढदिवसाला सकाळी मी बाबांसमोर खिडकीपाशी बसायचे. डोळ्यांखालची काळी छटा माझ्या परीक्षांच्या वर्षाची आहे. ओठाच्या कडेची मुरड कधीची, ते इथे लिहीत नाही. त्याच दिवशी तुझा फोन यायचा. आपण हातेमबद्दल बोलायचो. मी हलायचे नाही, कारण बाबांचं काम चालू असायचं.

माझं वेगळं चित्र त्यांनी काढलेलं नाही. मी मागितलंही नाही.

तू सांगशील तर मी सगळं काढीन, आणि नीट काढीन. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. पण आधी एकदा येऊन चित्रासमोर बस. मी तुझ्या शेजारी बसेन, म्हणजे तुला दोन्ही चेहरे एकत्र बघता येतील.

येतेस, की न येताच काढू, ते गुरुवारपर्यंत कळव.

तुझी मुलगी,
शाहिंदा