चुन्याखालची फुली

सोमवार, १२ एप्रिल १९३७

त्या दिवशी सकाळी मी खाणीतल्या छताच्या एक्केचाळीस लाकडी टेकूंना चुना मारला. पंचवीस वर्षं झाली, आकडा अजून पाठ आहे. राजा आणि राणी आमची खाण बघायला खाली उतरणार होते. मॅनेजर म्हणाला, "राणीसाहेबांना काळं दिसता कामा नये." कोळशाच्या खाणीत! आम्ही हसलो आणि बादल्या उचलल्या.

आज हे आठवायचं कारण, कामगार संस्थेचा चिटणीस ट्युडर रस्त्यात भेटला. त्या भेटीचा फोटो सापडलाय म्हणे. कार्डिफला मोठा करून घेतलाय. नव्या राजाच्या राज्याभिषेकाआधीच्या शनिवारी वाचनालयात लावायचा.

"आणि चुनेवाल्या, पडदा तूच सारायचास! सगळी शोभा तुझ्याच हातची."

वेल्सच्या या खोऱ्यात निम्मे जोन्स, निम्मे इव्हान्स. त्यामुळे प्रत्येकाला काहीतरी नाव पडतं. मी टेकू बसवणारा, पण त्या दिवसापासून चुनेवाला एलिस.

हो म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

मंगळवार, १३ एप्रिल

टेकू तासताना कुऱ्हाड दोनदा निसटली. असं कधी होत नाही.

शुक्रवार, १६ एप्रिल

फोटो आला. ट्युडरनं टेबलावर पसरला. दाराएवढा आहे.

मध्ये राजा, शेजारी राणी, हातात दिवा. मागे मॅनेजर, पोट आत घेऊन. आणि उजव्या कडेला आमच्या पाळीतला गोमर! एवढा मोठा, एवढा जवळ. टोपी काढलेली, केसांना पाणी लावलेलं. एक हात कमरेवर, दुसरा वळणावरच्या टेकूवर. घरच्या दाराला टेकून उभा असल्यासारखा.

त्यानंतर नऊ दिवसांनी तोच टेकू मोडला. छत खाली आलं. गोमर खाली होता.

ट्युडर म्हणाला, "बघ कसा उभा राहिलाय! राणीनं बघितलं आणि याची मान जी वर गेली..." हे गावात सगळेच म्हणतात. राणी हसली म्हणून गोमर हवेत चालायला लागला, टेकू ठोकून त्याचा आवाज ऐकायचा विसरला. आता तर हसूनच म्हणतात. मीही एकदा हसलो होतो.

रविवार, १८ एप्रिल

चॅपेलमध्ये मोठ्या बाकावर बसलो, लोकांकडे तोंड करून. वडीलधाऱ्यांचं बाक ते. तिथून सगळ्यांचे चेहरे दिसतात. मार्गेड दुसऱ्या रांगेत. गोमरच्या मागे तिनं दुसरं लग्न केलं नाही.

सुटल्यावर तिनं मला गाठलं. रुमालात बेदाणे घातलेले तव्यावरचे केक. "हनाला दे, बायकोला तुझ्या. तू नको खाऊस, फार सुटलायस." मग तोच प्रश्न. दर दोन-तीन वर्षांनी विचारतेच.

"एलिस, लाकडातलं तुला कळतं. तो माणूस घरात खुर्चीवर बसायच्या आधी खुर्ची हलवून बघायचा. तो ठोकायला विसरेल?"

मी म्हणालो, "देवाची इच्छा, मार्गेड."

"देवाला मी विचारलंय. आता तुला विचारते."

पाऊस येईलसं वाटतंय, असं काहीतरी बोललो मी!

बुधवार, २१ एप्रिल

एकदा तरी कागदावर उतरू दे.

त्या सकाळी चुना मारायच्या आधी मी टेकू ठोकत गेलो होतो. वळणावरचा बद्द वाजला. खाली उभी चीर. मी खडूनं फुली मारली. फुली दिसली की रात्रपाळी तो टेकू बदलते, विचारत नाही. आमची रीतच आहे ती.

मग मॅनेजर आला, घड्याळ काढून. "आटपा, आटपा!" मी कुंचला घेतला. चिरीत दाट चुना भरला. फुलीवरूनही हात फिरवला. पांढऱ्यावर पांढरं. म्हटलं, उद्या परत मारू.

दुसऱ्या दिवशी राजाच्या भेटीच्या आनंदात बँड, सुट्टी. मग विसरलो.

नाही. हे खोटं आहे. तिसऱ्या दिवशी आठवलं होतं. पण तो पांढरा रस्ता बघायला दुसऱ्या खाणींचे साहेब येत होते. मॅनेजर खूश होता, माझी पाठ थोपटत होता. म्हटलं, हे पाहुणे जाऊ देत.

गोमर गेल्यावरच्या चौकशीत विचारलं, "टेकूवर खूण होती का?"

"नव्हती, साहेब."

गोमरनं ठोकला असता तरी चिरीत चुना वाळून घट्ट बसला होता. आवाज बरोबर आला असता. त्यानं ठोकलाही असेल. ठोकलाच असेल.

रविवार, २५ एप्रिल

प्रार्थनेत देवाला सांगितलं. सोपं गेलं. त्याला आधीच माहीत होतं.

गुरुवार, २९ एप्रिल

हना म्हणाली, "किती वेळा हात धुणार आहात? साबणाची वडी कालच नवी काढली होती."

तिला सांगितलं. ती बटाटे सोलत होती, सोलत राहिली. मग म्हणाली, "मोठ्या बाकावरून उठवतील तुम्हाला."

"हो."

"माझ्याशी बायका बोलणार नाहीत."

"नाही बोलणार."

"मग मार्गेडला आता माझ्या हाताचे केक द्यायला लागतील. तिच्याकडून आणायचं तोंड उरणार नाही," ती म्हणाली. रडत होती.

सोमवार, ३ मे

मार्गेडच्या दारापर्यंत गेलो. ती पायरी घासत होती. "पाय पुसून ये," म्हणाली. मी म्हटलं, सहज आलो होतो. परत फिरलो. भित्रा!

गुरुवार, ६ मे

ट्युडरनं भाषण वाचून दाखवलं. गोमरवरचा तो विनोद त्यात आहे. "लोकांना आवडेल रे, मार्गेडलासुद्धा. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय तिला."

म्हटलं, तो विनोद काढ.

"का? तुला कधीपासून झोंबायला लागला?"

येताना गावच्या शाळेतल्या वर्गखोलीतून खडूचा तुकडा मागून घेतला. तेरा वर्षांचा असताना त्याच फळ्यापुढून उठून खाणीत गेलो होतो.

शनिवार, ८ मे

पडदा सारला. टाळ्या थांबेपर्यंत थांबलो. मग खिशातून खडू काढला आणि काचेवर, गोमरच्या हाताखालच्या टेकूवर फुली मारली. म्हणालो, ही मी तेव्हाही मारली होती आणि मीच चुन्यानं झाकली. गोमर चुकला नव्हता.

ट्युडर ओलं फडकं घेऊन धावला. मार्गेड उठून काचेसमोर उभी राहिली.

"राहू दे ती," म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.