वायव्येचा कोपरा

अण्णा, आज रविवार. मैलापुरात तुमच्या गल्लीच्या तोंडाशी अर्धा तास उभा राहिलो आणि परत आलो. कालव्याच्या अंगाने उंच खांबांवरून रेल्वे नेली आहे, तुमच्या घराच्या जागी तीन मजली इमारत आहे, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी पाय गेले. सहा वर्षं दर रविवारी सकाळी आठच्या आत मी तिथे पोचत असे. आठवडाभर अंबत्तूरच्या कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढायची आणि रविवारी तुमच्यासमोर बसून जुन्या वेढ्यांचे नकाशे ट्रेसिंगच्या कापडावर उतरवायचे. सर्व्हेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर तुम्ही ते काम घरी घेतलं होतं. मूळ कागद हात लावताच तुटत, म्हणून एका संग्रहाला त्यांच्या नकला हव्या होत्या. मी कुठल्या पॉलिटेक्निकात गेलेलो नाही, रद्दीतली ड्रॉइंगं गिरवून शिकलो, आणि तेव्हा हे भेटेल त्याला सांगत असे. तुम्हांलाही पहिल्याच दिवशी सांगितलं. तुम्ही म्हणालात, "सरी, बरं. रेघ काढून दाखव."

अजून समोर दिसतं. तुम्ही पंचा खांद्यावर टाकून बसला आहात. मी खंदकाबाहेरच्या उताराच्या बारीक रेघा भरतो आहे, सगळ्या एका मापाच्या, आणि मनात खूष आहे. तुम्ही भिंगसुद्धा न उचलता म्हणता, "कसाला रे असं? उतार जिथे विरतो तिथे रेघही विरायला पाहिजे. हे कंगव्याचे दात झाले." मी ब्लेडने खरवडून पुन्हा बसतो. मग ठरलेले रंग भरायचे: दगडी तट तांबडा, बांधायचा राहिलेला पिवळा, पाणी हिरवट निळं. आतून वहिनींचा आवाज येतो, "हे दोघं किल्ला घेतील, पण पानावर यायचे नाहीत. दह्यातली डांगर पच्चडी आंबल्यावर मला बोलू नका." तुम्ही हसता, उठत मात्र नाही. त्या घरात मला कुणी पाहुणा म्हटलं नाही. दही आंबट आहे की नाही, हे वहिनी आधी मला चाखायला लावत.

तुमचा नियम एकच होता. वेढ्यातल्या इंजिनियराने जे डोळ्यांनी पाहिलं ते तो सलग रेघेने काढी, जे पाहिलं नाही ते तुटक रेघेने. आणि नक्कल करणाऱ्याने तुटक रेघ तुटकच ठेवायची, त्याला काही माहीत असलं तरी. तंजावरच्या किल्ल्याचा नकाशा हातात आला तेव्हा तुम्ही भिंग घेऊन तो कडेकडेने पाहिलात. मग म्हणालात, "बघ, आपल्या गावाचा इतका नेमका नकाशा कुणी काढला? जो तोफा घेऊन आला त्याने. आपले लोक कशाला मोजतील? ते तिथे राहत होते." त्याच्या तोफांचा मोर्चा होता ती बाजू फुटाफुटाने बरोबर होती. वायव्येचा कोपरा मात्र तुटक.

त्या उन्हाळ्यात मी चुलतबहिणीच्या लग्नाला तंजावरला गेलो आणि दोन सकाळी तट चालून मोजला. माझं पाऊल तीस इंचांचं, कारखान्याच्या फरशीवर तपासलेलं. परत येऊन तुमच्यापुढे वही ठेवली. "सगळा चाललास?" "सगळा." "वायव्येकडचाही?" "हो, अण्णा." दोन रविवार ती वही तुम्ही स्वतःजवळच ठेवलीत. तिसऱ्या रविवारी दुसरं कापड ताणलंत, तो कोपरा स्वतः सलग शाईत काढलात, आणि कडेला तुमच्या त्या सुंदर अक्षरात लिहिलंत की ही बाजू प्रत्यक्ष चालून मोजली आहे. खाली माझी आद्याक्षरं. चाळीस वर्षं पाळलेला नियम तुम्ही माझ्या एका शब्दावर मोडलात. वहिनींना म्हणालात, "ह्याने पाहिलंय. पाहिलेलं सोडायचं कसं?" मी त्या दिवशी बसने न जाता समुद्रापर्यंत चालत गेलो, इतका आनंद झाला होता.

अण्णा, मी तिथे गेलो नव्हतो. काटेरी झुडपं छातीपर्यंत होती, खाली गटाराचं पाणी होतं, आणि मुहूर्ताची वेळ झाली होती. दोन्ही टोकं मोजलेली होती, मधलं हिशेबाने जुळवलं. हिशेब चुकलेला नाही, हे आजही सांगतो. पण मधला बुरूज गोल की कोनाचा, अजून उभा की ढासळलेला, हे हिशेबातून कळत नाही. मी तो शेजारच्यासारखा काढून दिला. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. त्या पावसाळ्यात तुम्ही गेलात.

तो नकाशा पुढे एका पुस्तकात छापला गेला. गेल्या महिन्यात किल्ल्यांवर संशोधन करणारी एक मुलगी ते पुस्तक घेऊन घरी आली. आपलीच, तंजावरची, दोन वाक्यं मराठी, मग तमिळ. ती म्हणाली, आता तिथे वस्ती झाली आहे, तट उरलेला नाही, त्या कोपऱ्याचा एवढा एकच पुरावा आहे. "मामा, नींगळे नडंदु पात्तींगळा? तुम्ही स्वतः चालून बघितलं ना?" भिंतीवर तुमचा फोटो होता. मी हो म्हणालो.

ती पत्ता लिहून देऊन गेली आहे, तो टेबलावर आहे. हे पत्र खरं तर तिला लिहायला हवं. तीन रविवार तिच्या नावाने कागद घेतो आणि वर "अण्णा" लिहितो, कारण तुम्ही उलट काही विचारणार नाही.