बारा शब्द आणि एक चुरगळलेला शर्ट

मी, खाली सही करणारी लॉन्ड्रीवाली बाई, वय एकाहत्तर, राहणार लॉन्ड्रीच्याच वरच्या मजल्यावर, आज हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. उलट आजारी पडल्यापासून सगळे माझ्याशी इतकं हळू बोलतात की थोडा दबाव आला असता तर बरं वाटलं असतं. मी शुद्धीवर आहे, माझी बुद्धी स्थिर आहे आणि माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. वकीलबाई म्हणाल्या, हे वाक्य सगळ्याच मृत्युपत्रांत असतं. असू दे. माझ्या मुलाने मात्र ते पुन्हा एकदा वाचावं आणि मग खुर्ची घेऊन बसावं.

माझ्यामागे दोन मुलं आहेत. थोरली बँकेत नोकरी करते आणि आपल्या संसारात आहे. धाकटा कॉम्प्युटर दुरुस्त करतो, माझ्याजवळ राहतो, आणि आईची लॉन्ड्री असून चुरगळलेला शर्ट घालून फिरतो. त्यांचे वडील, म्हणजे आमचे हे, जाऊन बरीच वर्षं झाली. ही दोन भावंडं एकमेकांशी बोलत नाहीत. मृत्युपत्र लिहायला मला उशीर झाला तो त्यामुळेच. ते आपापले बोलू लागतील, असं मला वाटत होतं.

कलम पहिले. राहतं घर दोघांना निम्मं-निम्मं. विकायचं झालं तर दोघांच्या सह्या लागतील, आणि सह्या करायला दोघांना एका खोलीत यावं लागेल. वकीलबाईंनी याहून सोपी तरतूद सुचवली होती. मला सोपी नको होती.

कलम दुसरे. लॉन्ड्री, धुण्याची दोन्ही यंत्रं, इस्त्रीचं टेबल आणि गिऱ्हाईक धाकट्याला. जुनी लोखंडी इस्त्री थोरलीला, कारण तिचा हात ह्यांच्यासारखा आहे, वजनदार आणि शांत. कुणी न नेलेले कपडे दुकानाच्या मागच्या दांडीवर आहेत, ते गरजूंना द्यावेत. फक्त तो करडा कोट देऊ नये. तो ज्यांचा आहे ते गृहस्थ दर हिवाळ्यात येतात, कोट झाला का विचारतात, झाला म्हटलं की हसून निघून जातात. त्यांना बहुधा कोट नको असतो, कुणीतरी बोलायला हवं असतं. धाकट्याने त्यांच्याशी बोलावं.

कलम तिसरे. माझ्या धाकट्या जावेने लग्नघरातून नेलेलं मोठं पातेलं तिने आता ठेवून घ्यावं. मी परवानगी देत आहे. परवानगी मी दिली आहे, हे तिला चारचौघांत कळवावं.

कलम चौथे. बँकेतली माझी ठेव थोरलीला. याचं कारण लिहिणं भाग आहे, आणि कारण लिहायचं तर सगळंच लिहावं लागेल.

लॉन्ड्रीसाठी मोठं यंत्र घ्यायचं म्हणून मी आणि थोरलीने मिळून पैसे बाजूला ठेवले होते. धाकट्याला त्या वेळी क्रिप्टोच्या, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नाण्यांच्या, ट्रेडिंगचा नाद लागला. जेवताना फोन, बोलताना फोन, रस्ता ओलांडताना फोन. सुरुवातीला नफा झाला आणि त्याने मला नवी गादी आणली. मग यंत्राचे पैसेही त्यात घातले, दुप्पट करून परत ठेवतो म्हणून. एका आठवड्यात सगळे पाण्यात गेले. थोरली त्याला जुगारी म्हणाली. तो म्हणाला, तुला पासबुकाबाहेरचं काही दिसत नाही. त्या दिवसापासून ती आली की तो घराबाहेर पडतो. थोरलीचे पैसे गेले ते खरंच आहे, म्हणून ही ठेव तिची. भावाने दिले नाहीत असं तिने म्हणू नये, आईने दिले असं म्हणावं आणि विषय संपवावा.

त्यानंतर धाकट्याने ट्रेडिंग सोडलं आणि मायनिंग सुरू केलं. त्यासाठीची कॉम्प्युटरसारखी जुनी यंत्रं स्वस्तात आणून त्याने आमच्या वाळवणीच्या खोलीत मांडली. ती काय करतात, असं मी विचारलं. तो म्हणाला, दिवसभर गणितं सोडवतात आणि त्याबद्दल नाणं मिळतं, फक्त ते हातात येत नाही. मी म्हटलं, मग इस्त्री बरी, शर्ट तरी हातात येतो. तो हसला. पैसे बुडाल्यानंतर तो पहिल्यांदाच हसला होता, म्हणून मी यंत्रांना हरकत घेतली नाही.

यंत्रांचा आवाज असा की दोन माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येऊ नये. एकदा वायर जळाली आणि धुतलेल्या चादरींना धुराचा वास लागला, सगळ्या पुन्हा धुवाव्या लागल्या. पण ती यंत्रं तापायची फार. बाहेर ओल असो की धुकं, त्या खोलीत टांगलेली चादर दुपारपर्यंत खडखडीत वाळायची. नाण्यांचं काय झालं ते मला कळत नव्हतं, पण आजूबाजूची सगळी इस्पितळं आमच्याकडे चादरी टाकू लागली. नाणी हा त्याचा धंदा, ऊब हा माझा. थोरलीने हे कधी मानलं नाही. आता मानावं.

कलम पाचवे. हे दोघांनी मिळून वाचावं. एकाने वाचून दुसऱ्याला सांगू नये.

धाकट्याची नाणी जमत गेली तसा तो स्वतःलाच घाबरू लागला. भाव जरा हलला की त्याचा हात फोनकडे जायचा. एके दिवशी तो पेनड्राइव्हएवढी एक डबी घेऊन माझ्या टेबलाशी आला. नाणी उघडायची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द, ते या डबीच्या पडद्यावर एकामागून एक दिसतील, म्हणाला. मी ते पाठ करायचे. तो स्वतः खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

"आई, हे मी मागितले तरी देऊ नकोस," तो म्हणाला. "रडलो तरी नको."

इंग्रजी मला कपड्यांच्या लेबलांपुरतं येतं. शब्द साधे होते, पण कशाचा कशाशी संबंध नाही. म्हणून मी ते शर्टावर बसवले. कॉलर आतून, कॉलर बाहेरून, खांद्याची पट्टी, डावा कफ, डावी बाही, उजवा कफ, उजवी बाही, बटणांची बाजू, काजांची बाजू, पाठ, खिसा आणि शेवटची घडी. एकेका जागेला एकेक शब्द. शर्टाला इस्त्री करताना माझा क्रम जन्मात चुकलेला नाही, त्यामुळे शब्दांचाही चुकला नाही. संध्याकाळपर्यंत सगळे पाठ झाले, तेव्हा धाकट्याने ती डबी पुसून कोरी केली. किल्ली आता फक्त माझ्या डोक्यात राहिली.

पहिल्यांदा भाव कोसळला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आज विकलं नाही तर सगळं जाईल, म्हणाला. मी विचारलं, जेवलास का. नव्हता. उपाशी पोटी मागितलेलं मी देत नाही, म्हणून त्याला जेवायला बसवलं. जेवून तो झोपला, आणि उठल्यावर मागितलं नाही. पुढे भाव चढला. दुसऱ्यांदा भाव आभाळाला भिडला तेव्हा त्याला सगळं विकायचं होतं. हवेत तरंगणाऱ्या माणसालाही मी देत नाही, असं म्हटलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग भाव पुन्हा पडला. म्हणजे एकदा माझ्यामुळे वाचलं आणि एकदा माझ्यामुळे गेलं. पहिल्या वेळेचं कौतुक तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. दुसऱ्या वेळेबद्दल त्याने मला आजवर एक शब्द ऐकवलेला नाही.

तिसऱ्यांदा त्याने शब्द मागितले ते माझ्या रक्ताचा आजार कळल्यावर. दूरच्या मोठ्या इस्पितळात एक महागडा उपचार होता. डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला खरं ते सांगितलं होतं. उपचाराने थोडे महिने वाढतील, आणि ते तिथल्या खाटेवरच जातील. धाकटा माझ्यासमोर उभा राहिला. त्या दिवशी तो जेवलेला होता आणि हवेतही नव्हता. देऊ नये असं एकही कारण माझ्याकडे उरलं नव्हतं.

"विसरले रे," मी म्हटलं.

त्याचा चेहरा पडला. मग शेजारी बसला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "जाऊ दे आई. मी आठवतो ना तुला? मग झालं."

इतक्या वर्षांची त्याची कमाई गेली असं त्याला वाटलं, आणि माझ्यावर तो एकदाही चिडला नाही. थोरलीला मात्र हे कळल्यावर तो बाहेर पडायच्या आत ती अबोला मोडून त्याच्यावरच बरसली. म्हाताऱ्या आईच्या डोक्यात कुणी तिजोरी करतं का, म्हणाली. तो चपला घालून बाहेर पडला. बाळा, मी विसरले नव्हते. एकही शब्द विसरले नव्हते. तुझी सगळी कमाई विकून मला परक्या गावातले चार महिने नको होते, मला इथले हवे होते. ते मला मिळाले. मी खोटं बोलले आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. तुझ्या चेहऱ्याचं मात्र फार वाईट वाटलं.

आता थोरलीसाठी. माझा हात थरथरू लागल्यापासून तू दर रविवारी डॉक्टरांचे शर्ट इस्त्री करायला येतेस आणि मी शेजारी बसून पुटपुटते. काय पुटपुटतेस असं तू विचारलंस, तेव्हा मी म्हटलं होतं की याने क्रम चुकत नाही. हळूहळू तूही म्हणायला लागलीस. गेले कित्येक रविवार मी गप्प बसते आणि तूच म्हणतेस, बटणांच्या बाजूशी जरा अडखळतेस, मग नीट पुढे जातेस. तो आईला लागलेला चळ नव्हता, बाई. ज्याला तू जुगारी म्हणतेस त्याची सगळी कमाई तुझ्या तोंडात आहे.

तेव्हा असं करावं. माझे दिवस झाले की दोघांनी इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहावं. शर्ट धाकट्याचा घ्यावा, कपाटात हवे तेवढे चुरगळलेले आहेत. थोरलीने इस्त्री करत एकेक शब्द म्हणावा आणि धाकट्याने तो नव्या डबीत भरावा. जे निघेल ते निम्मं-निम्मं. कदाचित घर होईल, कदाचित नुसता पंखा. त्या नाण्यांचं काही सांगता येत नाही, आणि जो सांगतो त्याच्यापासून दोघांनी लांब राहावं. धाकट्याचा वाटा त्याचाच आहे, पण त्या वाट्याला नवे बारा शब्द लावून ते जपायचं काम यापुढे थोरलीचं. त्याने मागितले की तिने आधी जेवलास का ते विचारावं. तो माझ्यासारख्या कुणासाठी मागत असेल तर मात्र लगेच द्यावेत. मी दिले नाहीत, कारण ते माझ्यासाठी होते.

कलम सहावे आणि शेवटचे. धाकट्याने नाण्यांची सगळी यंत्रं विकली, एक ठेवलं. माझी खाट त्याने त्या खोलीला लागून मांडली आणि मधलं दार काढून टाकलं. या आजारात माझे हातपाय सदा बर्फ असतात, तिथे ते जरा माणसात येतात. हे अजून नफ्यात आहे म्हणून चालू ठेवलंय, असं तो सांगतो. बाळा, मी जन्मभर लॉन्ड्री चालवली आहे. मला विजेचं बिल वाचता येतं. ते यंत्र कधीपासून तोट्यात आहे, आणि बिल तू संध्याकाळी लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करून भरतोस, हे मला ठाऊक आहे. थोरली म्हणते की याचं वेड गेलं नाही, अजून एक यंत्र घरघरतंच आहे. थोरले, ते काय आहे हे तुला आता कळलं असेल. तू त्याला काही म्हणू नकोस, नुसता शर्ट नीट इस्त्री करून दे.

मी गेले की त्याच दिवशी ते यंत्र बंद करावं. बटण धाकट्याच्या हातून दाबलं जाणार नाही, तेव्हा थोरलीने त्याच्याजवळ उभं राहावं. खोली गार पडेल, पडू द्यावी. बाळा, मला आता थंडी वाजणार नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, चष्मा लावून सही केली आहे. सही वाकडी आली आहे ती हाताच्या थरथरीमुळे, मनाच्या नव्हे.

सही: लॉन्ड्रीवाली बाई, दोघांची आई

साक्षीदार पहिली: डॉक्टरीणबाई. सही करणाऱ्या बाईंची स्मरणशक्ती मी तपासली. मी काही विचारायच्या आतच माझ्या कुठल्या कोटाचं कितवं बटण तुटलं आहे ते त्यांनी सांगितलं. बरोबर होतं.

साक्षीदार दुसरा: शेजारचा शिंपी. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देता येत नाही असं कळल्यामुळे मला काही दिलेलं नाही. बाईंची मोठी कात्री माझ्याकडे आहे, ती मी परत करणार होतो. त्या म्हणाल्या, राहू दे.

ठिकाण: वाळवणीच्या खोलीशेजारी, यंत्र चालू असताना
दिनांक: ९ जानेवारी, रविवार, थोरली यायच्या आधी