दोरीवरची लाल चादर

प्रिय इनेस,

या ज्वालामुखींच्या बेटांवर जन्मलेल्या आपल्या दोघांची तक्रार एकच आहे. जग इथे कासवं बघायला येतं. कासवाला पहारा आहे, निळ्या पायांच्या पक्ष्याला कायदा आहे. फ्लोरेआना बेटावर एकट्या राहणाऱ्या आपल्या आईला कोण आहे?

मी ज्यावर वाटाड्या आहे ते छोटं जहाज दर मंगळवारी आपल्या घरासमोरून जातं. परवान्यात आपलं गाव नाही, म्हणून ते थांबत नाही. आई दोरीवर लाल चादर टाकते, हात हलवते. मी डेकवरून टोपी हलवतो. आमची भेट एवढीच.

काल एका प्रवासी बाईंनी दुर्बीण लावून विचारलं, "तिकडे कोणता प्राणी हलतोय हो?"

"माझी आई," मी म्हणालो.

त्या खो खो हसल्या. "मग ती त्या दुसऱ्याच जहाजाला का हात करतेय?"

मी दुर्बीण घेतली. आमच्या पुढे एक पांढरं जहाज चाललं होतं. आई त्यालाच जीव तोडून हात हलवत होती. ते गेल्यावर तिने चादर काढली, घडी घातली आणि ती आत गेली. आम्ही नंतर पोचलो. मी रिकाम्या दोरीला टोपी हलवली.

तिला आता नीट दिसत नाही, इनेस.

मी उतरतो तिथे टपालपेटी नसते, पक्षी असतात. हे पत्र खिशातच राहील. तरी सांगतो: ग्वायाकिल शहरातून इकडे ये, मंगळवारी तिच्याशेजारी उभी राहा, आणि आमचं जहाज आलं की सांग, "आई, हा आपला एफ्रेन. आता हात हलव."

तुझा भाऊ,
एफ्रेन