फळीवरचा बिल्ला

४ मार्च

लंबू आज पुन्हा आला. ह्यांच्याच बंबाच्या गाडीवरचा. मी दार उघडलं नाही. बराच वेळ बाहेर चुळबुळत उभा होता, मग गेला. दारात फळांची पिशवी ठेवली होती. तशीच उचलली आणि खाली फायर स्टेशनच्या बाकावर नेऊन ठेवली. खाऊ दे कुणालाही!

६ मार्च

हॉस्पिटलातून घरी आणल्यापासून रोज हेच. आमचं क्वार्टर फायर स्टेशनच्या बरोबर वर. खाली घंटा वाजली की हे उठायला जातात. अर्धे उठतात, मग चादरीकडे बघतात. उजवा पाय गुडघ्यापर्यंतच. पुन्हा आडवे होतात. मी आपली भाजी निवडत बसते, जसं काही बघितलंच नाही.

आणि आजची घंटा कशासाठी? तर कुणाचं मांजर पत्र्यावर अडकलं! मांजर अडकलं, करा फोन. किल्ली आत राहिली, करा फोन. लिफ्ट बंद पडली, गॅलरीत मधमाश्या बसल्या, आजारी सासऱ्यांना जिन्यावरून उतरवायचं आहे — करा फोन, खाली बसलेतच हे रिकामटेकडे! ताटावरून उठून गेले आहेत हे. मुलीच्या तापात गेले. कधी म्हणून नाही म्हटलं नाही. आता त्या मांजरवाल्यांपैकी, किल्लीवाल्यांपैकी एक तरी विचारायला आला? काळं कुत्रं फिरकलं नाही.

९ मार्च

त्या दिवशीचे शब्द मागे घ्यावे लागले. शिंपीणबाई आली होती. ह्यांचा पाय गेला ती आग तिच्याच बिल्डिंगची — खाली गादीवाल्याचं दुकान, वर हिची खोली. ह्यांच्या दोन पँटी मागून नेल्या होत्या, आज परत आणल्या. उजवा पाय आखूड करून, खालून नीट शिवून. सगळं हातानं. मशीन जळून गेलं ना तिचं.

चहा दिला तर कप तसाच हातात. मान वर करून बोलेना. हेही भिंतीकडे तोंड करून पडलेले. बाई रडायला लागली तेव्हा मीच तिची पाठ थोपटली. म्हटलं, तुमचा काय दोष? एक तरी माणुसकीचं निघालं.

१० मार्च

झोप नाही. लिहूनच काढते एकदाचं.

गाडीच्या दारावर खिळे मारलेली एक फळी असते. प्रत्येकाचा पितळी बिल्ला असतो, नंबर कोरलेला. आगीत शिरताना बिल्ला फळीवर अडकवायचा, बाहेर आलं की काढून गळ्यात घालायचा. फळीवर बिल्ला दिसला म्हणजे माणूस आत आहे. मग जो जवळ असेल त्यानं त्याला शोधायला आत जायचं, कुणाच्या हुकमाची वाट बघायची नाही. पोरासोरांना कळेल इतकं सोपं!

आणि लंबू बाहेर आला आणि बिल्ला काढायला विसरला. पाणी पीत बसला असेल मागे. ह्यांनी फळीवर त्याचा बिल्ला बघितला आणि गेले पुन्हा आत. वरून लाकडी जिना कोसळला.

एक बिल्ला! हात वर करून काढायचा फक्त. ह्याच घरात जेवायचा तो, दादा-वहिनी करत. धाकटा दीर म्हणून वाढलं मी त्याला.

१४ मार्च

चौकशी संपली. साहेब स्वतः वर आले सांगायला. लंबूनं कबूल केलं — बिल्ला फळीवरच राहिला, चूक माझी. साहेब म्हणाले, हे नियमाप्रमाणेच आत गेले, त्यामुळे ह्यांना फोनवर बसायचं काम मिळेल आणि क्वार्टरही राहील. हुकमाशिवाय उगाच शिरले असते तर आम्हाला काहीच करता आलं नसतं, म्हणाले. लंबूची नोकरी जाणार.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? गारगार वाटलं. हे मात्र जेवले नाहीत. दोनदा ताट पुढे केलं, दोनदा सरकवलं.

१५ मार्च

जिन्यात गाठ पडली लंबूची. वर येत होता. मी वाट अडवली. जे तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, "तुझा पाय जायला हवा होता. पाय कशाला, तूच जायला हवा होतास."

एवढा ताडमाड माणूस, खाली मान घालून उभा. "चुकलं, वहिनी," म्हणाला. बस्स, एवढंच. आणि उतरून गेला.

घरात आले तर हे खुर्चीत ताठ बसलेले. सगळं ऐकू गेलं होतं. 

१८ मार्च

शाळेची मुलं आली होती स्टेशन बघायला. खालून नुसता कलकलाट. पाण्याचा फवारा उडाला तशा टाळ्या. दर वर्षी हे स्वतः दाखवायचे मुलांना सगळं. खिडकी लावून घे, म्हणाले.

२१ मार्च

लंबू खोली रिकामी करून गेला. कुठे, कुणाला ठाऊक नाही. ह्यांना सांगितलं तर रडायला लागले. पाय गेला तेव्हा रडले नव्हते! मी चिडले. म्हटलं, त्याच्यासाठी रडताय? तुम्हाला वाटत असेल वाईट, मला नाही.

२२ मार्च

बिल्ला लंबूच्या गळ्यातच होता. ह्यांनी बघितला होता, आज सांगितलं.

शिंपीणबाई मशीनसाठी आकांत करत होती. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मग तुम्ही आलात कशाला?" आणि हे शिरले. मशीन आणायला. हुकूम नसताना. जिना पडल्यावर लंबूनं स्वतःचा बिल्ला गळ्यातून काढला आणि फळीवर अडकवला.

"हॉस्पिटलात मला म्हणाला, दादा, तुम्ही गप्प राहा. वहिनी आणि पोरगी रस्त्यावर येतील," हे म्हणाले. "आणि मी गप्प राहिलो."

आणि मी त्याला जिन्यात अडवलं होतं.