गैरहजरांची रांग

दि. ४ फेब्रुवारी

चि. भावास,
अनेक आशीर्वाद.

वरती चि. लिहावं की कै., यावर चहा थंड होईस्तोवर विचार केला. शेवटी सवयीनं चि. लिहिलं. पण इथल्या सैनिक सत्कार समितीच्या मते तू वारला आहेस. अभिनंदन करायची पद्धत नाही आणि सांत्वन करावं तर कुणाचं, म्हणून तुझंच करते. झालं ते वाईट झालं. धीर धर.

आता नीट सांगते. पुढच्या महिन्यात शाळेच्या मैदानावर झेंडे लागणार आहेत. आपल्या वस्तीतून जे जे फौजेत गेले, त्या प्रत्येकाचा एक झेंडा, खाली नावाची पाटी. जे परत आले त्यांच्या झेंड्याला पिवळी फीत, जे लढाईत पडले त्यांच्या झेंड्याला काळी. कल्पना खरोखर चांगली आहे. समितीला ती कशी सुचली याचंच नवल वाटतं. फिती शिवायचं काम माझ्याकडे आलं, कारण वस्तीत शिवणयंत्रं पुष्कळ आहेत, पण नाही म्हणता न येणारी शिंपीण मी एकटीच.

काल काळ्या फिती घेऊन बसले. पहिलं नाव समोरच्या सुतारकाकूंच्या मुलाचं, तुझ्या जिवलग भोंग्याचं. दोघं एकाच दिवशी भरती झालात आणि परत तू एकटाच आलास. फीत शिवून झेंडा बाजूला ठेवला. दुसरा झेंडा उचलला तर त्याच्यावर तुझं नाव!

तशीच उठले आणि अध्यक्षांच्या गाद्यांच्या दुकानात गेले. ते एका गादीवर बसून दुसरी गादी विकत होते. त्यांनी चिटणीसांना बोलावलं, चिटणीसांनी ठराव वाचून दाखवला. माजी सैनिकांच्या वार्षिक सत्काराला जो सलग पाच वर्षं आला नाही, तो हयात नाही असं समजावं, असा ठराव आहे. मी विचारलं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? तर अध्यक्ष म्हणाले की सत्काराला जेवण फुकट असतं, जिवंत माणूस ते सोडेल कशाला.

दुरुस्तीसाठी अर्ज करावा लागेल, त्यावर आईची सही हवी. घाई कर असं मी म्हणत नाही, पण काळ्या फितींच्या रांगेमागे अध्यक्षांच्या दुकानाचा मोठा फलक लागणार आहे. त्यावर लिहिलंय, गाढ झोपेची हमी. त्याच्यापुढे तुझा झेंडा फडफडताना बघायची माझी तयारी नाही.

सूनबाईला विचारलं म्हणून सांग. लोभ आहेच, तो घ्यायला तेवढा जिवंत राहा.

तुझी,
ताई

दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी आरशात पाहिलं. तिथं कुणीतरी होतं, पण ते दाढी न केल्यामुळे नक्की सांगता येईना. बायकोला विचारलं. ती म्हणाली, मेला असाल तर सकाळी पातेलंभर चहा कुणी संपवला, आणि ओला टॉवेल पलंगावर कुणी टाकला? एवढा पुरावा मला पुरला. समितीला पुरणार नाही म्हणून निवृत्तिवेतनासाठी देतो तो हयातीचा दाखला सोबत जोडला आहे. त्यावर साहेबांचा शिक्का आहे. माझ्या श्वासावर शिक्का नसतो, हा त्यातला दोष.

आता खरं सांगू? जमलं नाही तर राहू दे. पिवळ्या रांगेत आहे कोण? तो कोठारवाला, जो चार वर्षं घोंगड्या मोजत बसला आणि अजून दर सत्काराला एक नवी लढाई जिंकतो. त्याच्या शेजारी दिवसभर फडकायचं म्हणजे शिक्षाच. काळ्या रांगेत भोंगा आहे. त्याच्या बाजूला उभं राहायची मला सवय आहे. फलकाचं म्हणशील तर ती गादी त्याला आवडली असती. उभ्या उभ्या झोपायचा.

यायचं मात्र जमत नाही. पंपघरात माणूस नाही, अर्ध्या शहराचं पाणी माझ्या हातात आहे. आईला समजाव. तिला इकडे ये म्हणून कितीदा लिहिलं, तर मुलानं आईकडे जायचं असतं, एवढंच कळवते.

आईला साष्टांग नमस्कार. माया आहे तेवढी राहू द्यावी, वाढवल्यास हरकत नाही.

तुझा, अजून तरी,
भाऊ

दि. १९ फेब्रुवारी

चि. भावास,
अनेक आशीर्वाद.

तुझा दाखला समितीनं फेटाळला. तो नोव्हेंबरातला आहे. त्यावरून तू नोव्हेंबरात जिवंत होतास एवढंच सिद्ध होतं, पुढचं कोण सांगणार, असं चिटणीस म्हणाले. माणूस मन लावून काम करतो.

मग अर्ज घेऊन ते स्वतः घरी आले. आईनं चष्मा लावला, अर्ज दोनदा वाचला, पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. म्हणाली, यात चूक कुठे आहे? आठ वर्षं ज्याचं तोंड दिसलं नाही, ज्याची खुशाली फक्त पोस्टमन सांगतो, त्याच्या झेंड्याला कुठली फीत लावायची ते मला शिकवू नका. काळी आहे ती बरोबर आहे. चिटणीसांनी लगेच वहीत लिहून घेतलं, आईची हरकत नाही.

ते गेल्यावर ती भांडी घासायला गेली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती. नळ सोडून रडत होती, म्हणजे मला ऐकू येऊ नये. मला आलं. तुलाही यावं म्हणून लिहिते.

आता तुझ्या सबबी. पहिल्या वर्षी रजा नव्हती. मग गुडघा दुखला. मग सूनबाईची परीक्षा होती, ती पास होऊनही जमाना झाला. आता पंप. तुला विषमज्वर झाला तेव्हा तू महिनाभर अंथरुणात होतास आणि अर्ध्या शहराला पाणी नीट येत होतं, उलट वेळेवर येत होतं, हे तुझ्याच बायकोनं मला लिहिलं होतं. तेव्हा पंप राहू दे बाजूला. आई थकली आहे. जिना चढताना मधे बसते आणि म्हणते की भिंतीचा रंग बघत होते. तिला सत्कार नको, झेंडा नको. तू दारातून आत आलेला तिला एकदा बघायचा आहे. का येत नाहीस ते सरळ सांग. मी तुझी बहीण आहे, चिटणीस नाही, मला खोटा कागद चालत नाही.

रागावून लिहिलं तरी जीव तुझ्यातच आहे.

तुझी,
ताई

दि. २५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सरळ सांगतो. वाच आणि फाडून टाक.

आपलं दार आणि सुतारकाकूंचं दार समोरासमोर. आईचं तोंड बघायचं तर काकूंचं बघावं लागतं. पहिली चार वर्षं मी येत होतो, आठवतं? दर वेळी काकू हाक मारायच्या. भोंग्याच्या खुर्चीत बसवायच्या, त्याच्या ताटात वाढायच्या. मग विचारायच्या, कसं झालं. काही बोलला का. तहान लागली होती का. मी सांगायचो. तोफगोळा पडला तिथे तो होता आणि मी पाणी आणायला गेलो होतो. गोष्ट एवढीच आहे, लहान आहे, पण ती पुन्हा पुन्हा सांगावी लागते. शेवटच्या खेपेला मी सांगता सांगता थांबलो तर त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, जणू मीच परीक्षेत नापास होऊन आलोय.

मी काही केलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. तरी आई दार उघडून मला कवेत घेते तेव्हा मागे रस्त्यापलीकडे काकू उभ्या असतात, आणि मला आत शिरायची लाज वाटते. त्यांच्यासमोर जिवंत असणं फार उद्धटपणाचं वाटतं. म्हणून मी येत नाही. म्हणून त्या काळ्या फितीचं वाचून मला हसू आलं आणि मग बराच वेळ हसू आलं नाही.

आईला यातलं काही सांगू नकोस. पंपांचंच सांग. निदान पंपांची तरी अब्रू राहील.

रागावलीस तरी टाकू नकोस.

तुझा,
भाऊ

दि. ३ मार्च

चि. भावास,
अनेक आशीर्वाद.

पत्र फाडलं नाही. रस्ता ओलांडला आणि सुतारकाकूंना वाचून दाखवलं. रागव खुशाल. समितीच्या लेखी तू वारलेला आहेस, तुझा राग विचारात घेता येत नाही.

काकूंनी ऐकून घेतलं, पत्र पुन्हा वाचायला लावलं, आणि माझ्याकडे कागद मागितला. चिठ्ठी सोबत आहे. मी उघडलेली नाही. म्हणजे उघडली, पण एकदाच.

तुझी,
ताई

(सोबतची चिठ्ठी)

चि. बाळास,
आशीर्वाद.

तू जिवंत आहेस याचा मला राग येतो असं वाटत असेल, तर तू लहानपणी होतास तितकाच मूर्ख राहिला आहेस. मी दारात उभी राहते कारण दोघांतला एक तरी चालत येताना दिसतो. तेही तू बंद केलंस.

आता कामाचं. समितीनं झेंड्यांना प्लास्टिकच्या नळ्या लावल्यात. वाऱ्यानं भोंग्याची नळी वाकली, झेंडा जमिनीला लागायला आला. अध्यक्षांना सांगितलं तर म्हणाले की तो वाकून नमस्कार करतोय असं समजा. माझा मुलगा आयुष्यात कुणापुढे वाकला नाही, आता त्या गादीवाल्यापुढे वाकणार? त्या लोकांत एकालाही सरळ खड्डा खणता येत नाही. तुझ्या पंपघरात लोखंडी नळ्या असतील. एक मागून घे आणि तू स्वतः घेऊन ये. पार्सलानं पाठवलीस तर परत पाठवीन.

त्या दिवसाचं मी तुला काहीही विचारणार नाही. ते मला पाठ झालंय. शब्द देते.

तुझी,
काकू

दि. १५ मार्च

प्रिय सौ.स,
सप्रेम नमस्कार.

मी तीन दिवसांपूर्वी सुखरूप पोचलो. गाडीत नळीचं वेगळं तिकीट मागत होते. ती माझी नातेवाईक नाही हे पटवायला एक स्टेशन गेलं.

उशीर झाला म्हणून नळी खांद्यावर टाकून सरळ मैदानात शिरलो. अध्यक्ष व्यासपीठावरून काळ्या फितींची नावं वाचत होते, एकेका नावाला आवाज इतका दाटून आणत होते की गादीत कापूस भरतोय असं वाटावं. भोंग्याचं नाव झालं. पाठोपाठ माझं. फौजेतली खोड, नाव पुकारलं की अंग ताठ होतं. तोंडातून हजर असं निघून गेलं, तेही खणखणीत. सगळं मैदान मागे वळलं. चिटणीस कागदात बघायला लागले, मी कुठल्या पानावर आहे ते. अध्यक्ष मात्र कसलेले. त्यांनी जाहीर केलं की आनंदाची गोष्ट आहे, तरी दोन मिनिटं शांतता ठरल्याप्रमाणे पाळली जाईल. मीही पाळली. स्वतःसाठी उभं राहताना काय विचार करायचा ते कळत नाही. मी भूक लागल्याचा केला.

आई पहिल्या रांगेत होती. सगळे वळले तरी ती वळली नाही. शांतता संपल्यावर उठली, माझ्यापर्यंत आली, आणि म्हणाली की केस पिकलेत. मग तिनं माझी बाही धरली. घरी पोचेपर्यंत सोडली नाही. चिटणीस अर्ज घेऊन मागे धावत होते, त्यांना तिनं चालता चालताच सही दिली. मला रस्ता नीट दिसत नव्हता. इतक्या वर्षांची रजा मी कुणापासून घेतली होती, तेच मला आठवेना.

जेवून पुन्हा मैदानात गेलो आणि भोंग्याच्या झेंड्याची नळी बदलली. कंबरभर खड्डा खणला. ताईनं दोरी धरली, काकू लांब उभं राहून नळी सरळ आहे का ते सांगत होत्या. चारदा काढायला लावली. मग त्यांनी घरी नेलं आणि समोर बसल्या. शब्द दिल्याप्रमाणे काही विचारलं नाही. पण नुसत्या बसल्या. काही न विचारणारी बाई समोर बसली की किती जड जातं, हे तुला सांगायला नको, तू रागावलीस की मी ते भोगतो.

शेवटी मीच तोंड उघडलं. म्हटलं, तुमच्या मुलाला रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवत नसत. तो कुजबुजला तरी पलीकडच्या डोंगरावर ऐकू जायचं. काकूंनी मान वर केली. मग साहेबांच्या कुत्र्याची बिस्किटं कुणी खाल्ली ते सांगितलं, आणि ताप आल्याचं सोंग करून पडला असता घोरण्यावरून कसा पकडला गेला तेही. काकू हसायला लागल्या. भिंतीला टेकून, पोट धरून. हसता हसता रडल्या, मीही रडलो, आणि मग त्यांनी पदरानं डोळे पुसून मला झापलं. म्हणाल्या, चार वर्षं तो तुझ्याजवळ होता. त्यातला एक दिवस तू मला आणून दिलास, तोही शेवटचा. मीही वेडी, तेवढाच मागत बसले. बाकीचा मुलगा तू कुठे ठेवलास?

तेव्हा ठरल्याप्रमाणे मी परवा येत नाही. पंपघरात कळव. तिथे माझ्यावाचून अडत नाही, हे तू सगळीकडे लिहिलेलंच आहेस. कपडे दोनच आणलेत, आणखी चार पाठव. काकू सकाळीच हाक मारतात, आई त्यांच्यावर खोटं रागावते आणि मागोमाग स्वतःही येऊन बसते, ताई शिवण घेऊन येते. किती दिवस लागतील सांगता येत नाही. अजून आम्ही भरतीच्या पहिल्या महिन्यातच आहोत.

मुलांना आशीर्वाद. आहे तशी माया ठेव.

तुझा,
मी